८४, ७९ की ७६? कासवांच्या आकडेवारीत उतरण्याआधी

बडोद्यात राहून समुद्री कासवांवर काम करणार म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. खंभातच्या आखातात चिखलच जास्त, पण सौराष्ट्राच्या वाळूत ऑलिव्ह रिडले आणि हरित कासव दोन्ही अंडी घालतात. पोरबंदरकडे माधवपूरला वनखात्याची हॅचरी (अंडी आणून राखणीत पुरून उबवायची जागा) आहे, आणि खाली कोकणात वेळास, आंजर्ले, गुहागर आहेच. इथल्या मराठी घरातल्या मुलांना माधवपूरच्या वनरक्षकाशी गुजरातीत आणि वेळासच्या कासवमित्राशी मराठीत बोलता येतं. हे भांडवल कमी समजू नका.

परवानगीबाबत मात्र लाड नाहीत. समुद्री कासवं वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, आणि १९७२ च्या या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणंसुद्धा येतं. ‘नुसतं उकरून पाहिलं’ ही सबब चालत नाही. संशोधनासाठी हाताळायचं तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो, तोही केंद्राच्या पूर्वसंमतीने. अर्ज हंगामाच्या कितीतरी आधी टाका. तोवर हॅचरींची जुनी रजिस्टरं वाचा.

आणि नवखे अडकतात ते नेमके त्या रजिस्टरांतच. समजा, घरट्यात ११० अंडी पुरली. पिल्लं यायची थांबल्यावर दोनेक दिवसांनी घरटं उकरलं. रिकामी टरफलं ८४. तळाशी अडकलेली जिवंत पिल्लं ३, मेलेली ५. न उबलेली अंडी २६: त्यांतल्या १५ मध्ये गर्भ दिसत नाही, ७ मध्ये अर्धवट वाढलेला, ४ पिल्लं टरफल फोडून तिथंच मेलेली. आता ‘यश’ किती?

उबवणीचं यश ८४ भागिले ११०, म्हणजे ७६.४ टक्के. स्वतःहून वाळूबाहेर आलेली पिल्लं ८४ वजा ८, म्हणजे ७६, हे ६९.१ टक्के. आणि समुद्रात सोडलेली ७९, कारण अडकलेली तीन हातांनी काढून सोडली, हे ७१.८ टक्के. घरटं एकच आणि आकडे तीन! एका हॅचरीचं रजिस्टर घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली मोजलेली, म्हणजे स्वतःहून बाहेर आलेली पिल्लं लिहितं, दुसरीचं टरफलं, तिसरीचं सोडलेली, आणि रकान्याचं नाव तिन्हीकडे ‘पिल्लं’. हे आकडे शेजारी मांडले की सात टक्क्यांचा फरक दिसतो, मग त्यावर वाळूचा ओलावा, सावलीचं जाळं, तापमान अशी कारणं रचली जातात. प्रत्यक्षात फरक फक्त मोजण्याचा असतो.

म्हणून टक्केवारी उतरवून घेऊच नका, कच्चे आकडे घ्या: अंडी, टरफलं, आत जिवंत, आत मेलेली, न उबलेली (तिन्ही प्रकार वेगळे). टरफलाचा अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तरच एक धरायचं. बारीक तुकडे मोजायला गेलात तर ११० अंड्यांतून १२० पिल्लं निघतात. टरफलातून डोकं काढून मेलेलं पिल्लू उबलेल्यांत धरत नाहीत. किनाऱ्यावर जागेवरच राहिलेल्या घरट्यात अंड्यांचा आकडा मुळात टरफलांवरूनच काढलेला असतो, शिवाय कुत्र्याकोल्ह्यांनी नेलेली अंडी त्यात येत नाहीत. तो आकडा हॅचरीच्या मोजून पुरलेल्या घरट्याशी ताडू नका. आणि मोजणाऱ्या माणसाला विचारा. दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसलं की कुठला रकाना कशाचा ते कळतं, जे संगणकावर महिनाभर बसूनही कळत नाही.

घाबरू नका, पहिल्या हंगामात चूक होतेच. कच्चे आकडे जपले असतील तर गणित परत करता येतं.

तापमानाचं थोडक्यात. कासवाचं पिल्लू नर की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं: साधारण २९ अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर. आपल्या विश्वामित्री नदीतल्या मगरीचा नियम इथं लावू नका. तिच्यात कमी आणि जास्त, दोन्ही टोकांना माद्या होतात. लॉगर (तापमान आपोआप नोंदणारं छोटं यंत्र) अंड्यांच्या मधोमध हवा, कारण वाढत्या गर्भांची स्वतःची ऊब असते आणि शेजारच्या वाळूतला लॉगर ती दाखवत नाही. पुरण्याआधी सगळे लॉगर एका बादलीत दिवसभर ठेवून एकमेकांशी ताडून घ्या. पिल्लाकडे बाहेरून पाहून नर-मादी कळत नाही, त्यामुळे नुसत्या तापमानावरून काढलेल्या प्रमाणाला ‘अंदाज’ म्हणा.

उपग्रह ट्रान्समीटरचं वेड पहिल्या वर्षी नको. ओडिशात २०२१ ला लावलेला साधा धातूचा बिल्ला, क्रमांक ०३२३३, जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर वाचला गेला. पूर्व किनाऱ्यावरची मादी पश्चिमेला आली हे कळलं ते पाच अंक नीट नोंदले गेल्यामुळे. मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांची यादी पाहण्यापेक्षा त्यांची जुनी फील्डवही मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसरं दार ठोठवा, हे माझं ठाम मत.

मंगळबाजारातली शिंप्याची कापडी टेप कवच मोजायला नेऊ नका, ओली झाली की ताणते. फायबरग्लासची घ्या आणि दर महिन्याला पोलादी पट्टीवर धरून पाहा. कवचावर मोजपट्टीच्या वाटेत बार्नकल (खेकड्यांच्या गोतातले, घट्ट चिकटून बसणारे टणक जीव) चिकटलेले असतील तर तसं वहीत लिहा; माप तीनदा घ्या आणि तिन्ही लिहा.