नेट नसतानाही चालणारा कामांचा फळा

रत्नागिरीत आमचं इंटिरियरचं छोटं ऑफिस. कामांची यादी व्हॉट्सॲपवर, आणि जूनमध्ये वारा सुटला की नेट गायब. म्हणून फुकटचं, ऑफिसातच चालणारं सॉफ्टवेअर शोधायला घेतलं.

ओपनप्रोजेक्ट देखणं, गँट चार्टसकट (कोणतं काम कधी ते कधी, हे दाखवणारा पट्ट्यांचा तक्ता). पण त्याला निदान ४ जीबी रॅम लागते आणि आमच्या जुन्या डेस्कटॉपचा जीव जेमतेम तेवढाच. रेडमाइन २००६ पासूनचं, भरवशाचं. मात्र ते ज्या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं ती रुबी बसवून सांभाळणार कोण? शेवटी कॅनबोर्ड घेतलं: रकान्यांचा फळा, प्रत्येक काम म्हणजे एक कार्ड, ते एका रकान्यातून दुसऱ्यात ओढायचं. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं, कामांची सगळी नोंद एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये. त्यात मोठ्या नव्या सुविधा आता येत नाहीत, किरकोळ दुरुस्त्याच होतात. मला तेच बरं वाटलं, दर महिन्याला सगळ्यांना नवं शिकवायला नको.

बसवल्याबरोबर मूळचा ‘ॲडमिन’ हा पासवर्ड बदलला, राउटरमध्ये डेस्कटॉपला कायमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला, म्हणजे बाकीच्यांना फळा नेहमी त्याच पत्त्यावर सापडतो. ‘चालू’ रकान्यात एका वेळी किती कार्डं असावीत याला मर्यादा घातली, जास्त कार्डं ओढली की रकान्याचा रंग बदलतो आणि सुतारकाम बघणारे काका ओरडतात, "आधीचं संपवा रे!"

रोज संध्याकाळी डेटा फोल्डरची कॉपी पेन ड्राइव्हवर. वीज गेली तरी फळा चालावा म्हणून यूपीएस मात्र घ्याच, आणि राउटरही त्यालाच जोडा.