न्यूयॉर्कच्या हॅलोवीन मिरवणुकीत सोंग घेऊन चालण्यापूर्वी

मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत राहते म्हणून शरद ऋतूत अमेरिकेला जाणारे अनेक मराठी आईवडील ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, म्हणजे भुताखेतांची सोंगे घेण्याच्या हॅलोवीन या सणाला, दाराशी चॉकलेटांची परडी घेऊन बसतात, सोंगे घेतलेली शेजारची मुले ती घेऊन जातात आणि त्यांचा हॅलोवीन तिथेच संपतो. त्याच वेळी हडसन नदीच्या पलीकडे, मॅनहॅटनच्या सिक्स्थ अॅव्हेन्यूवर, हजारो माणसे सोंगे घेऊन रस्त्यावर उतरलेली असतात. मॅनहॅटनमधल्या ग्रीनिच व्हिलेज या वस्तीच्या या मिरवणुकीत चालण्यासाठी शुल्क नाही आणि एकट्यादुकट्या माणसाला नावनोंदणीही लागत नाही. अट एवढीच की अंगावर सोंग हवे. म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा की, शक्य असेल तर ही मिरवणूक कडेला उभे राहून पाहू नका, तिच्यात चाला. बघ्यांना चार-पाच रांगांच्या मागून फक्त डोकी दिसतात, तर चालणाऱ्याच्या वाट्याला संपूर्ण रस्ता येतो.

मुखवटे आणि बाहुल्या घडवणारे कलावंत राल्फ ली यांनी १९७४ मध्ये आपली मुले आणि त्यांचे सवंगडी यांना घेऊन व्हिलेजमध्ये घरोघर फेरी काढली, आणि त्या फेरीतून ही मिरवणूक वाढत गेली. २०१२ मध्ये सँडी वादळामुळे आणि २०२० मध्ये कोविडमुळे ती निघू शकली नाही. मात्र २००१ मध्ये, जुळे मनोरे कोसळून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, ती निघाली आणि राखेतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याची प्रचंड बाहुली तिच्या अग्रभागी होती. शहराचे या रात्रीशी असलेले नाते त्यावरून समजावे. काठ्यांवर पेललेल्या अशा अवाढव्य बाहुल्या हे आजही या मिरवणुकीचे वैशिष्ट्य आहे. त्या उचलण्यासाठी दरवर्षी स्वयंसेवक घेतले जातात, त्यामुळे ज्यांना हे काम करायचे असेल त्यांनी काही आठवडे आधीच नाव द्यावे.

सोंगाचा विचार मात्र भारतातून निघण्यापूर्वीच करावा. भुताखेताचेच सोंग हवे असा नियम नाही, तरीही कोकणातल्या शिमग्यातील संकासूर, गोष्टींतली हडळ किंवा पिंपळावरचा मुंजा यांचे वेश तिथे शोभून दिसतील आणि ‘हे कोण?’ या प्रश्नातून अनोळखी माणसांशी बोलणेही सुरू होईल. वासुदेवाचे सोंग अनेकांना सुचते. परंतु मोराची पिसे भारताबाहेर नेण्यास बंदी असल्याने टोपीवरची पिसे कागदाची किंवा कापडाचीच करावीत. बिया, गवत, झाडपाला यांची सजावटही टाळावी, कारण अमेरिकेच्या विमानतळावर वनस्पतिजन्य वस्तूंची तपासणी काटेकोर असते. खोटी तलवार किंवा गदा हातातल्या सामानात ठेवल्यास सुरक्षा तपासणीत अडकते. दाढीमिशा चिकटवण्याचे डिंक बहुधा ज्वालाग्राही असतात, म्हणून ते तिथे पोहोचल्यावर घ्यावेत. डोळ्यांचा रंग बदलणारी लेन्स अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदेशीर आहे. रस्त्यावरच्या दुकानात ती मिळाली तरी घेऊ नये, कारण अशा लेन्समुळे डोळ्यांना गंभीर इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

दुसऱ्या समाजाचा पोशाख किंवा वर्ण यांचे सोंग करू नये. चेहरा काळा रंगवणे किंवा अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा पिसांचा शिरपेच घालणे यामागे तिथे अपमानाचा मोठा इतिहास आहे, आणि आपला हेतू निर्मळ असला तरी पाहणाऱ्याची जखम त्याने कमी होत नाही. आपल्या देवदेवतांबाबतही माझे मत असेच आहे: दशावतारात देव रंगमंचावर येतो तेव्हा त्याला कथेचा आधार असतो, पण भुतांच्या घोळक्यात कालीमातेला केवळ भय वाटावे म्हणून उभे करणे मला रुचत नाही.

सोंग ठरल्यावर ते घालून घरातच अर्धा तास चालून पाहावे. मुखवट्यातून दोन्ही बाजूंचे दिसते का, चष्मा आत बसतो का, श्वास नीट घेता येतो का, नेसलेले वस्त्र पायात येते का, या गोष्टी आरशासमोर उभे राहून कळत नाहीत. चेहऱ्याचा रंग आदल्या दिवशी हातावर थोडा लावून पाहावा. ऑक्टोबरअखेरीस रात्री तापमान १० अंशांच्या आसपास उतरू शकते, म्हणून सोंगाच्या आत गरम कपड्यांचा एक थर बसेल एवढी जागा ठेवावी. वरून जाड कोट चढवला की सोंग झाकले जाते. पायांत रोजचे, सवयीचे बूट असावेत, कारण चालणे जेमतेम दोन किलोमीटरचे असले तरी त्याआधीचे उभे राहणे फार लांबते.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि मिरवणूक सातला निघते. चालणाऱ्यांनी दक्षिणेकडून, म्हणजे कॅनल स्ट्रीटच्या बाजूने आत शिरायचे असते आणि उत्तरेकडे पंधराव्या-सोळाव्या रस्त्यापर्यंत जायचे असते. प्रवेशाची नेमकी जागा आणि वेळ त्या वर्षीच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावी. साडेसहाच्या सुमारास तिथे पोहोचावे, पोटभर जेवून आणि प्रसाधनगृहाचा वापर करून, कारण एकदा अडथळ्यांच्या आत गेल्यावर मध्येच बाहेर पडणे कठीण असते. या शहरात रस्त्यावर मद्य पिण्यास मनाई आहे. जर्सी सिटीहून पाथ रेल्वेने येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की मार्गालगतच्या क्रिस्टोफर स्ट्रीट आणि नाइन्थ स्ट्रीट या स्थानकांवर त्या रात्री गर्दीमुळे बंधने असू शकतात. जाताना वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरून चालत येणे सोयीचे पडते.

गर्दीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. पुण्याची विसर्जन मिरवणूक पाहिलेल्या माणसाला आपल्याला गर्दीची सवय आहे असे वाटते, आणि तोच विश्वास घातक ठरू शकतो. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी सेऊलच्या इतेवॉन भागात हॅलोवीनसाठी जमलेल्या तरुणांपैकी १५९ जण एका अरुंद, उताराच्या गल्लीतल्या चेंगराचेंगरीमुळे दगावले. तिथे आखलेली मिरवणूक नव्हती, आयोजक नव्हता आणि माणसे दोन्ही दिशांनी येत होती. टोकियोच्या शिबुया भागात तर स्थानिक प्रशासनानेच हॅलोवीनसाठी येऊ नका असे आवाहन केले आहे, आणि अशा आवाहनाचा पाहुण्याने मान राखला पाहिजे. म्हणून परदेशात कुठेही सोंग घेऊन रस्त्यावर उतरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: आयोजक कोण, मार्ग एकाच दिशेचा आहे का, आणि बाहेर पडण्याच्या वाटा कोणत्या. गर्दीत खांद्याला खांदा भिडू लागला आणि आपली पावले आपल्या इच्छेने पडेनाशी झाली, तर उशीर न करता कडेकडे तिरके सरकावे, दोन्ही हात छातीसमोर घ्यावेत आणि खाली पडलेली वस्तू, मग तो मोबाइल का असेना, उचलण्यासाठी वाकू नये.

लहान मुले बरोबर असतील तर रात्रीच्या मिरवणुकीचा हट्ट धरू नये. वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कच्या परिसरात मुलांची वेगळी मिरवणूक दुपारी निघते आणि ती त्यांच्या वयाला साजेशी असते. कोणाचेही छायाचित्र जवळून घ्यायचे असल्यास आधी विचारावे, आणि मुलांचे असल्यास त्यांच्या पालकांना विचारावे. पासपोर्ट घरी ठेवून त्याची प्रत, विम्याचा क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता आतल्या खिशात ठेवावा. तातडीच्या मदतीसाठी ९११ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा. चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे तेही आधी ठरवावे. ती जागा मार्गाच्या शेवटच्या टोकाशी नसावी, कारण तिथे सर्वच थांबतात. मिरवणूक संपल्यावर मागे न वळता आणखी काही चौक उत्तरेकडे चालत जावे. तेहतिसाव्या रस्त्यावरच्या स्थानकातून जर्सीची गाडी मिळते, आणि तिथे पोहोचेपर्यंत मुखवटा काढून हातात घेतलेला बरा, कारण जिने उतरताना पायाखालचे दिसायला हवे.