टीएनएफची कुपी उघडण्याआधी

आमच्या लॅबमध्ये पहिल्यांदा रिकॉम्बिनंट ह्यूमन टीएनएफ-अल्फा (काही पेशींना मारू शकणारं माणसाचं प्रोटीन, जनुक-तंत्राने बनवलेलं) आलं, तेव्हा कुपी उजेडात धरून मी म्हटलं, "रिकामीच पाठवली की काय!" आत १० मायक्रोग्रॅम सुकवलेलं प्रोटीन होतं, तेवढं डोळ्यांना दिसतच नाही. मी खटकन झाकण उघडलं. किती माल झाकणाला चिकटून गेला, देव जाणे.

तर कुपी आधी सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवा. सोबतच्या कागदावर वेगळं सांगितलं नसेल तर १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी कडेकडेने सोडा. व्हॉर्टेक्सवर (गरगर हलवणाऱ्या यंत्रावर) धरू नका, फेसाने प्रोटीन बिघडतं. दहा मिनिटं तशीच ठेवा. पुढे पातळ करायला ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं एक प्रोटीन) घातलेलं पीबीएस (फॉस्फेटचं खारं द्रावण) घ्या, नाहीतर एवढंसं प्रोटीन प्लास्टिकलाच चिकटून बसतं. पाच-पाच मायक्रोलिटरचे अलिकॉट, म्हणजे छोटे वाटे, करून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवा. वितळवलेला अलिकॉट पुन्हा गोठवायचा नाही. किंमत आठवून जीव तुटतो, तरी उरलेला फेकायचाच.

आता हे टीएनएफ पेशी मारतं का, हे बघायचं. मी आधी हेला पेशींवर (माणसाच्या कर्करोगाच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या) नुसतं टीएनएफ टाकलं आणि सकाळी बघते तर सगळ्या खुशाल! टीएनएफ पेशीला मरायचा निरोप देतं, पण त्याच वेळी एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रोटीन जागं करून तिला वाचवणारी प्रोटीनंही बनवायला लावतं. अ‍ॅक्टिनोमायसिन-डी हे औषध पेशीत आरएनए बनणंच थांबवतं, मग हा बचाव उभा राहत नाही; म्हणून ते टीएनएफसोबत टाकतात.

नेहमीची चाचणी एल-९२९ पेशींवर करतात. त्या उंदराच्या, पण माणसाचं टीएनएफ त्यांना लागू पडतं. पुण्यात एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशी-भांडारात मिळतात. ९६ खणांच्या प्लेटमध्ये खणाला ३० हजार पेशी घालून रात्रभर चिकटू द्या. दुसऱ्या दिवशी मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम अ‍ॅक्टिनोमायसिन आणि १ नॅनोग्रॅमपासून खाली उतरत जाणारं टीएनएफ. दर पायरीला पिपेटची टिप बदला. अ‍ॅक्टिनोमायसिन जहाल आहे, हातमोजे हवेतच. नुसत्या अ‍ॅक्टिनोमायसिनचे खण ठेवायला विसरलात तर कोणी कोणाला मारलं ते कळणार नाही.

वीसेक तासांनी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा; तळाला चिकटून राहिलेल्या जिवंत पेशी जांभळ्या दिसतात. धुताना हात हलका, नाहीतर जिवंत पेशीही वाहून जातात. टीएनएफच्या ज्या मात्रेला निम्म्या पेशी मरतात तो आकडा बहुधा मिलिलिटरला दहा ते शंभर पिकोग्रॅमच्या मधे येतो. तो लॉट नंबरसकट डब्यावर लिहा. नवी कुपी आली की ताडून बघता येतो.