ब्रिटनमध्ये जुनी इस्टेट गाडी घेताना
बाबागाडी, आठवड्याचा किराणा आणि रोजचं ऑफिस एकाच गाडीत बसवायचं असेल, तर 2013 ते 2020 मधली स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेट (छप्पर मागपर्यंत लांब असलेली, मोठ्या डिकीची गाडी) बघाच. डिकी 610 लिटरची आहे. रोजचा प्रवास चार-पाच मैलांचाच असेल तर मात्र डिझेल मुळीच घेऊ नका. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही, धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साचत जाते आणि तो बदलायचा खर्च स्वस्तात घेतलेल्या गाडीला झेपत नाही. शिवाय लंडनमध्ये युरो 6 या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या डिझेलला दिवसाला 12.50 पौंड पडतात. गाडी बघायला जाण्याआधी तिचा नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास वाचा, फुकट असतो. प्रत्येक तपासणीवेळचे मैल त्यात मिळतात. आकडा मध्येच घटलेला दिसला, तर त्या गाडीचा नाद सोडा.