रेंजफाइंडरचा पहिला रोल: कॅमेरा तपासण्यापासून रोल धुण्यापर्यंत

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही, शेजारच्या वेगळ्या खिडकीतून पाहतो. लेन्सवर टोपण राहिलं, पुढे बोट आलं किंवा फोकस चुकला, तरी खिडकीत सगळं लख्खच दिसतं. चूक कळते ती रोल धुऊन आल्यावर. त्यामुळे हाताला एकदा क्रमाची सवय लावून घेतलेली बरी.

घेण्याआधी काय पाहायचं

जुन्यात याशिका इलेक्ट्रो ३५, कॅननेट क्यूएल १७ आणि सोव्हिएत बनावटीचे झोर्की, फेड हे नेहमी समोर येतात. कोणताही असो, आधी दूरच्या मोबाइल टॉवरकडे रोखा. टॉवर किमान किलोमीटरभर लांब हवा. लेन्स अनंतावर फिरवली की खिडकीतल्या मधल्या पिवळट चौकोनातली दोन चित्रं तंतोतंत एक झाली पाहिजेत. मग टेपने २ मीटर मोजून तेच करा. चित्रं आडवी सरकलेली असतील तर फोकस चुकणारच, दुरुस्तीचा खर्च धरून भाव करा. नुसती वर-खाली असतील तर डोळ्याला त्रास होतो, पण फोटो निभावतो.

चौकोन फिका पडला असेल तर खिडकीच्या पुढच्या काचेवर बरोबर मध्यभागी काळ्या टेपचा ३-४ मिलिमीटरचा तुकडा चिकटवा. तिथलं मुख्य चित्र झाकलं जातं आणि दुसरं उठून दिसतं. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख.

नंतर मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) दाबून धरा आणि टॉर्च मारून लेन्समधून पाहा. पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. कॅननेटचं शटर १/४ सेकंदावर रेंगाळत असेल तर आतलं वंगण सुकलंय. झाकणाच्या कडेचा फोम बहुतेक वेळा डांबरासारखा चिकट झालेला असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडून काढा आणि खाचेत विणकामाची काळी लोकर बसवा. हे टाळलं तर निगेटिव्हवर प्रकाशाचे पट्टे येतात.

सेलचा घोळ

कॅननेटला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. १.५ व्होल्टचा घातला की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर प्रकाश जास्त दाखवतो आणि फोटो काळवंडतो. औषधाच्या दुकानात मिळणारा श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल १.४ व्होल्टचा असतो. तो रबरी कडीत बसवून वापरा. काही आठवड्यांत संपतो, म्हणून जोडीला एक ठेवा. कॅननेट सेलशिवाय मॅन्युअलवर पूर्ण चालतो. इलेक्ट्रो सेलशिवाय फक्त १/५०० वर चालतो. त्याला ६ व्होल्टचा ४एलआर४४ चालतो, पण तो मूळ सेलपेक्षा आखूड आणि बारीक असल्याने स्प्रिंग आणि कागदाची गुंडाळी लागते.

रोल भरणं

१. सावलीत उभे राहा. याशिका-कॅननेटमध्ये रोल परत गुंडाळायची (रिवाइंडची) खुंटी वर ओढून झाकण उघडा आणि रोल बसवा.
२. फिल्मची जीभ उजव्या चाकाच्या खाचेत अडकवा. कॅननेट क्यूएलमध्ये ती फक्त खुणेपर्यंत ओढून ठेवायची असते.
३. दोन्ही कडांची भोकं दातांवर बसली की झाकण लावा.
४. रिवाइंडची खुंटी हलकेच फिरवून ढील काढा, मग दोन फ्रेम रिकाम्या मारा.

फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढताना ही खुंटी उलट फिरली पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म सरकतच नाहीये, आकडा मात्र पुढे जात राहतो. प्रत्येक फ्रेमला तिकडे एक नजर टाका.

झोर्की-फेडमध्ये लिव्हर ओढल्यावर किंवा फिल्म सरकवायची खुंटी फिरवल्यावरच शटर स्पीड बदला. आधी बदलला तर आतली यंत्रणा बिघडू शकते. त्यांचं शटर कापडाचं आहे, आरसा मध्ये नाही. मराठवाड्याच्या उन्हात लेन्स सूर्याकडे राहिली की कापडाला भोक पडतं, म्हणून गळ्यात असताना टोपण लावाच. याशिका-कॅननेटच्या पात्यांच्या शटरला हे भय नाही.

ऊन आणि दगड

इथल्या भर दुपारी आयएसओ २०० च्या रोलला (हा फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) लेन्सचं छिद्र एफ/११ आणि शटर १/५०० पुरतं. ४०० चा रोल घातलात तर एफ/१६ लाही शटरची कमाल गाठावी लागते, मोकळीक उरत नाही.

मीटर सगळ्या गोष्टी मध्यम करड्या धरून चालतो. बीबी का मकबऱ्याच्या पांढऱ्या भिंतीवर तो फसून फोटो काळा करतो, तिथे एक स्टॉप उघडा, म्हणजे प्रकाश दुप्पट द्या. वेरूळच्या कैलास लेण्यात उलटं होतं: काळा बेसाल्ट पाहून तो जास्त प्रकाश देतो आणि दगड राखाडी येतो, तिथे एक स्टॉप बंद करा. इलेक्ट्रोमध्ये शटर हाताने लावता येत नाही, म्हणून २०० च्या रोलवर मकबऱ्यासाठी एएसए (आयएसओचंच जुनं नाव) १०० आणि कैलाससाठी ४०० लावा. नंतर परत २०० वर आणायला विसरू नका. इलेक्ट्रोची प्रकाश मोजणारी पेशी लेन्सच्या कडीत नाही, त्यामुळे लेन्सवर फिल्टर लावलात तर त्याने अडवलेला प्रकाश तिला कळत नाही.

फोकससाठी उभी कड शोधा: दाराची चौकट, दीपमाळ, खांबावरच्या कोरीव कामात ऊन-सावली जिथे तुटते ती रेघ. आडव्या रेघेवर चौकोन काही सांगत नाही, कॅमेरा उभा करून पाहा. आठवडी बाजारात तर खिडकीशी खेळत बसू नका. ४० मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर आणि ३ मीटरवर ठेवली की साधारण २ ते ५ मीटरमधलं सगळं नीट येतं.

रोल संपल्यावर

लिव्हर अडली की जोर लावू नका, भोकं फाटतात. याशिका-कॅननेटमध्ये तळाचं बटण दाबून रिवाइंड करा. खुंटी अचानक हलकी झाली की फिल्म सुटली, मगच झाकण उघडा. रोल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. फ्रीजमधला रोल डबीतच तासभर बाहेर ठेवून मग उघडा, नाहीतर त्यावर दव धरतं.

रंगीत रोल मुंबई-पुण्याच्या लॅबला कुरिअर करणं सोयीचं. कृष्णधवल घरी धुता येतो, पण डेव्हलपर २० अंशांना लागतो आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून रसायन थंड करा, आणि शेवटी धुवायचं पाणीही त्याच तापमानाला आणा. थंड डेव्हलपरनंतर एकदम कोमट पाणी पडलं तर फिल्मवरचा थर सुरकुततो.