विंडचीटर घेताना आणि वापरताना या चुका टाळा

थंडी सुरू झाली की धुळे-जळगावकडची पोरं साल्हेर, तोरणमाळ, पाटणादेवीच्या वाटेला लागतात आणि दरवर्षी त्याच त्या चुका घेऊन डोंगरावर येतात. बूट चार दुकानं फिरून घेतलेले असतात, सॅक महागाची असते, विंडचीटर मात्र निघायच्या आदल्या रात्री हाताला लागेल तो उचललेला असतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "दादा, आपल्याकडे कसली थंडी?"

मे महिन्यात ४४-४५ अंश सोसणाऱ्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्यातच पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. वर चढत गेलं की दर हजार मीटरला तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी कमी होतं, आणि साल्हेर १५६७ मीटर उंच आहे. त्यात वारा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. हवा १० अंश असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरने वाहत असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी सात अंशांसारखी लागते. हा हिशोब कोरड्या कातडीचा. अंग घामाने ओलं असेल तर गोष्ट फार लवकर हाताबाहेर जाते.

रेनकोटला विंडचीटर समजणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक ही. जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर जाऊन विंडचीटर मागितला की दुकानदार जाड, आतून अस्तर लावलेलं, रेनकोटच्या जातीचं जॅकेट पुढे करतो. त्याचं चुकत नाही, त्याच्याकडे येणारी बहुतेक गिऱ्हाइकं मोटरसायकलवर घालायलाच मागतात. गाडीवर माणूस बसून असतो, त्याला घाम येत नाही. डोंगर चढणाऱ्याचं अंग तापतं, आणि ती वाफ बाहेर पडायला वाट लागते.

चालायचा विंडचीटर म्हणजे बारीक विणीच्या नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा एकेरी कपडा. अस्तर नाही, आतून रबरासारखा थर नाही. वजन साधारण ८० ते १५० ग्रॅम, घडी केली तर मुठीत मावतो. त्याने वारा अडवायचा आणि घामाची वाफ बाहेर सोडायची, बस. रेनकोट पाणी अडवतो म्हणजे आतला थर हवाही अडवतो. तो घालून चढलात की वरणाच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात तसे थेंब जॅकेटच्या आतल्या बाजूला धरतात.

दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा सोपी आहे. कापड एकेरी धरायचं, तोंडाला घट्ट लावायचं आणि जोरात फुंकर मारायची. पलीकडे हात ठेवायचा. हवा अजिबात जात नसेल तर तो रेनकोट आहे, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. सहज जात असेल तर वाऱ्यात काही उपयोग नाही. जोर लावल्यावर थोडीशी झुळूक हाताला लागली की तो घ्यायचा. दुसरी खूण शिवणीवर. आत शिवणीवरून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असेल तर ते पावसाचं जॅकेट समजा. दुकानदार बघत राहतो म्हणून पोरं फुंकर मारायला लाजतात. लाजू नका, पैसे आपले आहेत.

एका जानेवारीत साल्हेरवर आमच्याबरोबर कॉलेजची काही मुलं होती. त्यातल्या एकाने नवंकोरं जॅकेट घातलेलं, आतून चकचकीत, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. पहाटे साल्हेरवाडीतून निघताना मी त्याला म्हटलं, हे काढून सॅकमध्ये टाक, वर गेल्यावर घाल. तो म्हणाला, "दादा, गैरी थंडी वाजी रायनी." वाजतच होती, सगळ्यांनाच. चालायला लागल्यावर दहा मिनिटांत जाते, एवढं सांगून पाहिलं. मित्रांसमोर माघार कशी घ्यायची म्हणून त्याने ऐकलं नाही, शिवाय सगळ्यांच्या पुढे राहायची हौस. कातळातल्या पायऱ्या त्याने जवळजवळ पळतच चढल्या. गंगासागर तलावापाशी आम्ही पोचलो तेव्हा तो अर्धा तास आधी येऊन बसलेला होता, आणि बसला होता तोही वाऱ्याच्या तोंडावर.

तिथून परशुरामाच्या देवळाकडे चढताना तो मागे पडायला लागला. माथ्यावर वारा असा होता की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. मी त्याला चिक्की दिली तर त्याला वेष्टन फाडता येईना. बोटं वळत नव्हती, ओठ निळसर, विचारलेल्याचं उत्तर उशिरा येत होतं. जॅकेटची चेन उघडली तर आतून पाणी. बाही पिळली तेव्हा धार लागली. सुती टी-शर्ट अंगाला चिकटलेला, आणि आता उघड्या चेनमधून वारा थेट त्या ओल्या कापडावर.

आम्ही त्याला खाली गुहांमध्ये आणलं. ओला टी-शर्ट काढला, पंच्याने अंग कोरडं पुसलं, एकाचं कोरडं बनियन, दुसऱ्याचं स्वेटर, त्यावर माझा विंडचीटर, डोक्याला माकडटोपी. स्टोव्हवर चहा केला, साखर दुप्पट. थरथर थांबायला बराच वेळ लागला आणि त्या दिवशी पुढे शेजारच्या सालोटा किल्ल्यावर जायचं आम्ही रद्द केलं. बर्फ नाही, पाऊस नाही, हवा फक्त आठ-दहा अंश. माणूस गारठायला ओले कपडे आणि वारा एवढं पुरतं. असं कुणाला झालं तर आधी वाऱ्यातून बाजूला, मग ओलं काढायचं, मग कोरडं आणि गरम. ओल्यावरच स्वेटर चढवून काही होत नाही. आणि बोलणं अडखळायला लागलं, चाल डगमगली, तर विश्रांती देऊन बघू म्हणत बसू नका, दवाखाना गाठायची तयारी करा.

पायथ्यापासून घालून चालणं

त्या मुलाच्या अंगात खरा विंडचीटर असता तरी त्याला घाम आलाच असता, थोडा कमी. कारण दुसरी चूक कपड्याची नाही, आळसाची आहे. विंडचीटर ही दिवसभर काढ-घाल करायची वस्तू आहे. चढाला काढायचा, खिंडीत घालायचा, उताराला पुन्हा काढायचा. नवख्यांना थांबायचा कंटाळा येतो. सॅक उतरवा, चेन उघडा, घडी करा, परत सॅक चढवा, तोवर गट पुढे जातो म्हणून मग घामात चालत राहतात. गट पुढे जाऊ द्या. ज्या गटाला दोन मिनिटं थांबता येत नाही त्याच्याबरोबर डोंगरावर जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी सवय अशी: निघताना किंचित थंडी वाजत असतानाच चालायला लागायचं. अंग तापलं की चालायला बरं वाटतं. कपाळावर घाम दिसायच्या आधी चेन अर्धी उघडायची, तरी गरम होत असेल तर काढायचा. आणि घालायचा तो थंडी वाजल्यावर नाही. धारेवर किंवा माथ्यावर पोचायच्या अलीकडे, शेवटच्या आडोशाला थांबून घालायचा. अंगातली ऊब आत असतानाच तो ती टिकवतो. एकदा गारठल्यावर घातला तर एवढं पातळ कापड नव्याने ऊब कुठून आणणार? जेवायला बसताना तर आधी विंडचीटर, मग डबा. कळण्याची भाकरी कितीही खुणावत असली तरी.

म्हणूनच तो सॅकच्या तळाशी कधी ठेवू नये. वरच्या झाकणाच्या कप्प्यात, हात मागे नेला की लागेल असा. त्याबरोबर मिळणारी छोटी पिशवी मी वापरत नाही. थंड बोटांनी त्या पिशवीची दोरी सोडवत बसणं हा छळ आहे, तसाच चुरगाळून कोंबला तरी त्याला काही होत नाही. अर्धी चेन असलेला डोक्यातून घालायचा प्रकार थोडा हलका पडतो, पण मी पूर्ण चेनवालाच घ्या म्हणेन. चालता चालता समोरून उघडता येतो आणि टोपी, चष्मा न काढता अंगावेगळा होतो.

आत सुती घालणं

सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. थंडीत विंडचीटरच्या आत पॉलिस्टरचा साधा खेळाचा टी-शर्ट बरा, तो लवकर वाळतो. महागडा लागत नाही. शिवाय एक कोरडा टी-शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि माथ्यावर पोचल्यावर बदलावा. हे सांगितलं की पोरं वजनाचा हिशोब मांडतात, आणि त्याच सॅकमध्ये ब्लूटूथ स्पीकर असतो.

उन्हाळ्यात मात्र उलट. एप्रिल-मे महिन्यात लळिंगच्या किल्ल्यावर ऊन लागू नये म्हणून विंडचीटर घालून चढणारे मी पाहिले आहेत. तेव्हा सैल सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला ओला रुमाल. कोरड्या हवेत घाम सुकतो आणि अंग थंड राहतं, त्या वेळी सुतीच चांगलं.

पाण्याचे थेंब घसरले म्हणून पावसात नेणं

नव्या विंडचीटरवर पाणी टाकलं की थेंब मोत्यासारखे घरंगळतात आणि दुकानदार "वॉटरप्रूफ आहे" म्हणतो. तो वरचा लेप असतो, वापराने आणि मळाने उतरतो. शिवणी तर पहिल्या दिवसापासून उघड्याच असतात. हलकी भुरभुर, धुकं, गवतावरचं दव एवढं तो झेलतो. जुलैत तोरणमाळला जायचं तर रेनकोट किंवा पाँचो वेगळा घ्या. एकात दोन्ही कामं साधणारं स्वस्त जॅकेट शोधत बसलेल्यांना शेवटी दोन्ही कामं न करणारं जॅकेट मिळतं.

शेकोटी आणि काटे

तोरणमाळला थंडीच्या रात्री शेकोटीपाशी बसायचा मोह सगळ्यांना होतो. नायलॉन साधारण २२० ते २६० अंशांना वितळतं, आणि उडालेली ठिणगी त्याहून कितीतरी गरम असते. एका ठिणगीला एक भोक. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटलं तर भाजतंही वाईट. शेकोटीपाशी जुनं स्वेटर किंवा घोंगडी, विंडचीटर सॅकमध्ये.

हलकेपणाच्या नादात १० डेनियरच्या आतलं कापड सातपुड्यात नेऊ नका. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा लहान तितका धागा बारीक. बोरी-बाभळीच्या काट्यांत आपल्याला २० डेनियरच्या आसपासचं, चौकटी विणीचं कापड बरं, त्यात फाटलेलं पुढे पसरत नाही. फाटलंच तर जागेवर चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी, कोपरे गोल कापून. टोकदार कोपरा लवकर सुटतो. जड सॅकच्या पट्ट्यांखाली खांदे आधी विरतात, तिथे अधूनमधून उजेडात धरून पाहत जा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. विंडचीटरची टोपी घालून मान दोन्हीकडे वळवून पाहा. टोपी डोळ्यांवर येत असेल तर डोंगरावर तुम्ही ती घालणारच नाही. मनगटाला इलॅस्टिक आणि कमरेला दोरी हवीच, नाहीतर वारा आत शिरून फुगा होतो. माप पातळ स्वेटरवर बसेल एवढं, त्याहून ढगळ नको. रंग भडक घ्या, धुक्यात मागचा माणूस दिसतो.

धुताना कोमट किंवा थंड पाणी, थोडा पातळ साबण, भरपूर खळबळणं. ब्रश नको आणि कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रावण तर अजिबात नको, ते कापडावर थर धरतं आणि वरचा लेप निकामी करतं. वाळवायचा सावलीत. गच्चीवर दोरीला टाकून विसरलात तर आपल्याकडचं ऊन नायलॉनचा धागा कमकुवत करतं. थेंब घरंगळायचे थांबले तर आधी नीट धुऊन पाहा, बऱ्याचदा मळच आड आलेला असतो. त्यानंतर लेबलवर परवानगी असेल तर वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा. तरीही पाणी मुरत असेल तर लेप संपला, फवारणीचा नवा लेप बाजारात मिळतो. वारा अडवायचं काम मात्र लेप गेला तरी चालूच राहतं, त्यामुळे तेवढ्यासाठी चांगला विंडचीटर टाकून देऊ नका.