न्यूरेंबर्गमधील शनिवार-रविवार : नियोजनात या चुका टाळा

म्युनिकहून वेगवान रेल्वेने सुमारे सव्वा तासावर आणि फ्रँकफर्टहून साधारण दोन तासांवर असलेले न्यूरेंबर्ग, जर्मनीत शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या किंवा कामानिमित्त काही आठवडे आलेल्या मराठी माणसाला दोन दिवसांत पाहता येण्यासारखे शहर आहे. तरीही अनेकांची ही सहल अर्धवट राहते, कारण प्रेक्षणीय स्थळांची यादी तयार असते, पण कोणते स्थळ कोणत्या दिवशी आणि किती वाजता उघडे असेल, हे पाहिलेले नसते.

शनिवार आणि रविवार सारखेच समजणे

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात आणि यामागे केवळ प्रथा नाही. रविवारच्या विश्रांतीला संरक्षण देणारे १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील कलम आजच्या जर्मन राज्यघटनेतही कायम ठेवलेले आहे. बव्हेरियात शनिवारीही दुकाने साधारणपणे रात्री आठपर्यंतच उघडी असतात. त्यामुळे भेटवस्तू, किराणा आणि औषधे यांची खरेदी शनिवारीच उरकावी. ते राहून गेलेच, तर मुख्य रेल्वे स्थानकातील दुकाने रविवारी कामी येतात. औषध तातडीने हवे असल्यास कोणत्याही बंद औषधालयाच्या दारावरची सूचना वाचावी. जवळचे कोणते औषधालय त्या दिवशी आपत्कालीन सेवेत आहे, ते तिथे लिहिलेले असते.

चर्चच्या बाबतीतही हीच गफलत होते. सेंट लॉरेन्झ आणि सेंट सेबाल्ड या दोन्ही प्राचीन चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना चालते आणि पर्यटकांना त्या वेळी आत फिरता येत नाही. फाइट श्टोस या शिल्पकाराने १५१७-१८ मध्ये लाकडात कोरलेले आणि सेंट लॉरेन्झच्या छतापासून अधांतरी टांगलेले भव्य शिल्प शांतपणे पाहायचे असेल, तर शनिवारच निवडावा. त्याच दिवशी दुपारी बाराच्या थोडे आधी मुख्य बाजारचौकात पोहोचावे. तिथल्या फ्राउएनकिर्शे चर्चवरील १५०९ च्या घड्याळात बाराच्या ठोक्यानंतर सम्राटाची निवड करणाऱ्या सात निर्वाचक राजपुरुषांच्या मूर्ती सम्राट चौथ्या चार्ल्सभोवती फिरतात. या निवडीचे नियम ठरवणाऱ्या १३५६ च्या शाही फर्मानाची ती आठवण आहे. हे दृश्य रविवारीही दिसते, पण चौकातला बाजार रविवारी भरत नाही.

याउलट संग्रहालये रविवारी उघडी असतात. म्हणून शनिवारी रस्ते, बाजार आणि चर्च, तर रविवारी संग्रहालये, अशी विभागणी मला सर्वांत योग्य वाटते. मुक्काम सोमवारपर्यंत वाढवणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. १४९२ च्या सुमाराचा, आज अस्तित्वात असलेला सर्वांत जुना पृथ्वीगोल ज्याच्या संग्रहात आहे, ते जर्मन राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असते.

इतिहासाचा अर्धाच भाग पाहणे

किल्ला, तटबंदी आणि आल्ब्रेख्ट ड्यूरर या चित्रकाराचे घर पाहून परतणारे पुष्कळ असतात, आणि मला ही सर्वांत मोठी चूक वाटते. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुन्या शहराचा सुमारे ९० टक्के भाग उद्ध्वस्त झाला होता. आज दिसणारे मध्ययुगीन शहर मोठ्या प्रमाणात नंतर पुन्हा उभारलेले आहे. ते का उद्ध्वस्त झाले आणि कशा रीतीने उभे राहिले, हे समजून घेतल्याशिवाय त्याची ओळख पूर्ण होत नाही.

नाझी नेत्यांवरील खटला २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ या काळात ज्या ६०० क्रमांकाच्या न्यायदालनात चालला, ते भुयारी रेल्वेच्या बेरेनशान्त्से स्थानकाजवळ आहे आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्याचे प्रदर्शन आहे. ते मंगळवारी बंद असते. आग्नेयेकडील नाझी मेळाव्यांचे मैदान जुन्या शहराच्या बाहेर असून अतिशय विस्तीर्ण आहे. त्यासाठी तासाभराचा वेळ पुरत नाही. तेथील माहिती केंद्राचे मोठे नूतनीकरण हाती घेतलेले असल्याने निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळ पाहावे. मैदानावरील भाषणाच्या सज्जावर गमतीनेही हात उंचावून छायाचित्र काढू नये. नाझी सलामी हा जर्मन दंडसंहितेच्या ८६अ कलमानुसार गुन्हा आहे आणि त्याहीपेक्षा तो त्या काळात बळी गेलेल्यांचा अपमान आहे.

दोन दिवसांत तीन शहरे आणि चुकीची तिकिटे

बामबर्ग रेल्वेने तासाभराच्या आत गाठता येते. रोथेनबुर्गला मात्र गाड्या बदलत जावे लागते. दोन्ही शहरे सुंदर आहेत, पण तीही याच दोन दिवसांत बसवल्यास न्यूरेंबर्ग रेल्वे स्थानकापुरतेच दिसेल. फार तर बामबर्ग निवडावे. स्थानिक वाहतुकीचे शनिवारी घेतलेले दिवसाचे तिकीट रविवारीही चालते, हे ठाऊक नसल्याने अनेकजण दुसऱ्या दिवशी विनाकारण नवे तिकीट काढतात. डॉइचलँड-तिकीट, म्हणजे स्थानिक आणि प्रादेशिक वाहतुकीचे मासिक तिकीट, ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते आयसीई या वेगवान गाडीत चालत नाही, हे विसरू नये.

सवलतीचे तिकीट ठरावीक गाडीपुरतेच असते, त्यामुळे गाडी उशिरा धावू लागली की प्रवासी गोंधळून जातात. आपल्या उतरण्याच्या स्थानकावर किमान २० मिनिटे उशीर होणार असेल, तर ते बंधन उठते आणि दुसरी गाडी घेता येते. ६० मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटांच्या उशिराला ५० टक्के भरपाई मागता येते. त्यासाठी तिकीट जपून ठेवावे.

तारखा आणि जेवण

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरणाऱ्या खेळण्यांच्या व्यापारी प्रदर्शनाच्या आणि २४ डिसेंबरपर्यंत चालणाऱ्या नाताळ बाजाराच्या काळात हॉटेलांचे दर खूप वाढतात. तारीख ठरवण्याआधी हे तपासावे.

शाकाहारी मंडळींनी येथील प्रसिद्ध सॉसेज डुकराच्या मांसाचे असते, एवढेच लक्षात ठेवून पुरत नाही. आंबवलेल्या कोबीतही चरबी असू शकते, आणि चीज घातलेल्या श्पेट्झले या शेवयांसारख्या पदार्थात अंडे असते. एलिझेन-लेबकुखेन या सुकामेव्याच्या खाऊत पीठ जास्तीत जास्त १० टक्के असते, पण अंडे बहुधा असतेच. अंडे न खाणाऱ्यांनी वेष्टनावरील घटक वाचूनच तो विकत घ्यावा.